कातड्याचा हंगाम आणि उद्याची हमी

केसाळ कातड्यांच्या व्यापारात एक साधा प्रश्न शतकानुशतके विचारला गेला आहे. हे जनावर आज मारावे, की आणखी काही आठवडे थांबावे? आज मारले तर कातडे हाती येते, पण त्याला भाव येत नाही. थांबले तर पूर्ण भाव मिळतो. मात्र तोवर ते जनावर दुसऱ्या कुणाच्या सापळ्यात गेले तर काहीच मिळत नाही. वरवर पाहता हा प्रश्न शिकाऱ्याचा आणि व्यापाऱ्याचा आहे. परंतु उत्तर अमेरिकेतील फरच्या व्यापाराचा इतिहास वाचू लागलो की ध्यानात येते, की त्याचे उत्तर बहुतेक वेळा रानापासून फार दूर बसलेल्या प्रशासकांनी ठरविले होते. कधी जाणीवपूर्वक, तर कधी नकळत. म्हणूनच हा इतिहास प्रशासनाच्या अभ्यासकांनी वाचावा असा आहे.

कातडे ‘तयार’ होते म्हणजे काय?

प्रथम विषयाची तांत्रिक बाजू समजून घेऊ. थंड प्रदेशातील सस्तन प्राण्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, राठ केस आणि त्यांच्याखाली दाट, मऊ लव. ऊब या लवेत असते आणि व्यापारातील किंमतही प्रामुख्याने तिचीच असते. उन्हाळ्यात लव विरळ होते. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की नवे केस येऊ लागतात आणि हिवाळ्यात ते पूर्ण वाढतात.

जाणता व्यापारी कातड्याची परीक्षा केसांच्या बाजूने करतो तशीच आतल्या, म्हणजे मांसाकडच्या बाजूनेही करतो. केस वाढत असताना त्यांच्या मुळांशी रंगद्रव्य साठलेले असते. त्यामुळे कातडे आतून निळसर किंवा काळपट दिसते. केसांची वाढ पूर्ण झाली की हे रंगद्रव्य केसात उतरते आणि कातडे आतून पांढरट, सायीच्या रंगाचे होते. तेच खरे तयार कातडे. त्यानंतर उशीर केला तरी नुकसानच होते. हिवाळा सरता सरता केस घासले जातात, टोके तुटतात आणि वसंतात ते गळू लागतात.

हा हंगाम सर्व प्राण्यांना सारखा नसतो. कोल्ह्याचे कातडे हिवाळ्याच्या पूर्वार्धात उत्तम असते; पुढे विणीच्या काळात ते घासले जाते. पाण्यात राहणाऱ्या बीव्हर आणि मस्करॅट यांची कातडी मात्र हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंताच्या तोंडावर भरतात. जितके उत्तरेकडे जावे तितका हंगाम लवकर येतो. हे ज्ञान रानात वावरणाऱ्या माणसांकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. त्यासाठी कोणत्याही सरकारी परिपत्रकाची गरज नव्हती. तरीही अपक्व कातड्यांचे ढीग व्यापारी ठाण्यांवर येत राहिले. ज्ञान असूनही माणसे का थांबत नव्हती, हा येथला खरा प्रश्न आहे.

बीव्हर हेच चलन

२ मे १६७० रोजी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने हडसन्स बे कंपनीला सनद दिली. हडसन उपसागराला मिळणाऱ्या सर्व नद्यांच्या खोऱ्यांत व्यापार करण्याचा एकाधिकार या सनदेने कंपनीस मिळाला. ‘रूपर्ट्स लँड’ या नावाने ओळखला गेलेला हा प्रदेश आजच्या भारताच्या क्षेत्रफळाहूनही मोठा होता. तेथे शतकानुशतके राहणाऱ्या क्री, ओजिब्वे आदी लोकांना अर्थातच कुणी विचारले नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेची कहाणी ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना हा प्रकार नवा वाटणार नाही.

युरोपात त्या काळी बीव्हरच्या लवेपासून केलेल्या नमद्याच्या टोप्यांना मोठी मागणी होती. त्यामुळे ठाण्यांवरील सर्व हिशेब बीव्हरच्या कातड्यांतच मांडला जाई. पूर्ण वाढलेल्या बीव्हरचे उत्तम प्रतीचे एक हिवाळी कातडे म्हणजे एक एकक. बंदूक, कांबळे, तांब्याचे भांडे, दारूगोळा यांचे दर या एककात ठरत आणि कोल्हा, मार्टेन, पाणमांजर यांच्या कातड्यांचे मोलही त्यातच सांगितले जाई.

या पद्धतीतील प्रशासकीय शहाणपण पाहण्यासारखे आहे. चलनाच्या व्याख्येतच हंगाम गोवला होता. उन्हाळी कातडे आणणाऱ्याला पूर्ण एकक मिळत नसे. दरपत्रक हाच नियम होता आणि प्रत तपासणारा ठाण्यावरचा कारकून हाच त्याचा अंमलदार. सुरुवातीच्या काळात तर सर्वांत मोलाची कातडी वापरलेली असत. स्थानिक लोक हिवाळी कातड्यांचे झगे करून ते लव आत येईल अशा रीतीने अंगावर घालीत. वर्षभराच्या वापराने वरचे राठ केस झडून जात आणि नमद्यास योग्य अशी मऊ लव उरे. यात स्थानिक माणसाची ऊब आणि युरोपीय कारागिराची सोय एकाच वेळी साधली जाई.

मात्र ही व्यवस्था जोवर घेणारा एक आहे तोवरच टिकणारी होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात माँट्रियलचे व्यापारी एकत्र येऊन नॉर्थ वेस्ट कंपनी उभी राहिली आणि दोन्ही कंपन्यांची ठाणी एकमेकांसमोर थाटली गेली. एका ठाण्यावर नाकारलेले कातडे समोरच्या ठाण्यावर घेतले जाऊ लागले. दारूचा सुळसुळाट झाला. प्रत, हंगाम, वय यांचा विचार मागे पडला. बीव्हर हा एका जागी घर करून राहणारा प्राणी आहे. मादी वर्षातून एकदाच, तीही मोजकी पिले देते. त्याचे घर शोधणे सोपे असते. असा प्राणी या स्पर्धेत तग धरणे शक्यच नव्हते. अनेक जिल्ह्यांतून बीव्हर दिसेनासा झाला.

एक गव्हर्नर, दोन धोरणे

१८२१ मध्ये या दोन कंपन्यांचे विलीनीकरण झाले आणि एकाधिकार पुन्हा प्रस्थापित झाला. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे जॉर्ज सिम्पसन या कठोर आणि विलक्षण हिशेबी गृहस्थाने कंपनीचा तेथील कारभार पाहिला. त्याची कारकीर्द प्रशासनाच्या दृष्टीने फार बोलकी आहे.

विलीनीकरणानंतर लगेचच सिम्पसनने बीव्हरच्या पुनर्वसनाचे उपाय योजले. उन्हाळी कातडी घेण्यास ठाण्यांना मनाई करण्यात आली. पिलांची कातडी आणण्यास उत्तेजन देऊ नये असे कळविण्यात आले. लोखंडी सापळ्यांवर निर्बंध आले. १८२६ मध्ये जिल्हावार कमाल मर्यादा ठरविण्यात आल्या. मागील वर्षांच्या आवकीची सरासरी काढून तिचा काही हिस्साच घ्यावयाचा असे ठरले. बीव्हरऐवजी मस्करॅटसारख्या इतर प्राण्यांकडे वळण्यास शिकाऱ्यांना प्रोत्साहन देण्यात आले. वन्यजीव व्यवस्थापन हा शब्द जन्माला येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

आता त्याच काळातील दुसरे चित्र पाहावे. रॉकी पर्वतांच्या पलीकडे ओरेगॉनचा प्रदेश १८१८ च्या करारान्वये ब्रिटन आणि अमेरिका या दोघांनाही खुला होता. कोलंबिया नदीच्या दक्षिणेकडील भाग आज ना उद्या अमेरिकेकडे जाणार, असा सिम्पसनचा अंदाज होता. तेथे त्याने नेमका उलटा आदेश दिला. स्नेक नदीच्या खोऱ्यातील बीव्हर मागे काही न ठेवता संपवावा, म्हणजे अमेरिकी शिकाऱ्यांना पुढे सरकण्याचे आमिषच उरणार नाही. पीटर स्कीन ऑग्डेन याच्या नेतृत्वाखाली १८२४ ते १८३० या काळात या प्रदेशात मोहिमांवर मोहिमा गेल्या आणि त्यांनी हे काम चोख बजावले. इतिहासकार या धोरणाला ‘फरचे वाळवंट’ निर्माण करण्याचे धोरण म्हणतात. १८४६ च्या करारात ४९ व्या अक्षांशावर सीमा आखली गेली आणि तो प्रदेश खरोखरच अमेरिकेकडे गेला.

प्राणी तोच, कंपनी तीच, गव्हर्नरही तोच. पर्वताच्या एका बाजूस जतन आणि दुसऱ्या बाजूस निर्मूलन. सिम्पसनला निसर्गाविषयी प्रेम होते म्हणून त्याने पूर्वेकडे बीव्हर वाचविला नाही आणि तो निसर्गाचा शत्रू होता म्हणून पश्चिमेकडे संपविला असेही नाही. पूर्वेकडे उद्याचे कातडे आपलेच असेल याची त्याला खात्री होती. पश्चिमेकडे ती नव्हती. रूपर्ट्स लँडच्या आतही जेथे अमेरिकी सीमा जवळ होती तेथे मर्यादा सैल ठेवण्यात आल्या होत्या, ही बाबही याच निष्कर्षाला पुष्टी देते.

येथे स्थानिक समाजांच्या नियमांचाही उल्लेख केला पाहिजे. लाब्राडोरमधील इन्नू लोकांत फरच्या व्यापारानंतर कुटुंबवार शिकारीची क्षेत्रे ठरत गेली. तेथे भुकेल्या माणसाने दुसऱ्याच्या क्षेत्रातील बीव्हर खाण्यासाठी मारला तर तो गुन्हा मानला जात नसे. कातडे विकण्यासाठी मारणे मात्र निषिद्ध होते. पोटाची गरज आणि बाजाराची कमाई यांतील हा भेद आपल्या अनेक कायद्यांच्या मसुदाकारांना साधलेला नाही. कंपनीच्या जिल्हावार मर्यादा या समाजांना विचारून ठरलेल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांचे पालनही अनेक ठिकाणी अर्धेमुर्धेच झाले.

प्रिबिलॉफ बेटांवरील धडा

दुसरे उदाहरण बेरिंग समुद्रातील प्रिबिलॉफ बेटांचे. फर-सील हा सागरी प्राणी वर्षातील बराच काळ खुल्या समुद्रात घालवितो आणि उन्हाळ्यात विणीसाठी या बेटांवर येतो. १७८६ मध्ये रशियन दर्यावर्दी प्रिबिलॉफ तेथे पोहोचला. पुढे रशियनांनी अल्यूट लोकांना या बेटांवर आणून वसविले आणि त्यांच्याकडून सीलची शिकार करवून घेतली. १८६७ मध्ये अमेरिकेने ७२ लाख डॉलर देऊन अलास्का विकत घेतले. १८७० मध्ये सरकारने या बेटांवरील शिकारीचा ठेका २० वर्षांसाठी अलास्का कमर्शियल कंपनीला दिला. वर्षाला कमाल एक लाख सील, ५५,००० डॉलर भाडे आणि शिवाय प्रत्येक कातड्यामागे कर, अशा अटी होत्या.

बेटावरील शिकारीत वय, लिंग आणि हंगाम या तिन्हींची निवड शक्य होती. एकेका बलवान नराभोवती अनेक माद्या जमतात. त्यामुळे विणीच्या दृष्टीने बरेचसे तरुण नर जादा ठरतात. हे तरुण नर किनाऱ्यावर वेगळे जमतात. त्यांना आत हाकलत नेऊन साधारण तीन वर्षांचे नर निवडले जात. हंगाम मुख्यतः जून-जुलैचा. ऑगस्टमध्ये केस गळू लागले की कातड्याची प्रत उतरते, म्हणून काम थांबविले जाई. कातडी मिठात मुरवून लंडनला पाठविली जात. पद्धत क्रूर होती; तथापि कळप टिकविण्याचे गणित तीत होते.

हे गणित समुद्राने मोडले. १८८० च्या दशकात कॅनडाच्या आणि इतर देशांच्या शिडाच्या नौका खुल्या समुद्रात सील मारू लागल्या. पाण्यात पोहणाऱ्या सीलचे लिंग वा वय ओळखता येत नाही. मारल्या जाणाऱ्यांत बहुसंख्य माद्या असत. त्या पिलांना बेटावर ठेवून भक्ष्यासाठी दूर समुद्रात गेलेल्या असत. मागे पिले उपाशी मरत. बंदुकीने मारलेल्यांपैकी अनेक बुडून जात आणि कुणाच्याच हाती लागत नसत. नौकेवरील शिकाऱ्यालाही हे सर्व कळत होते. पण आपण सोडलेला सील दुसरी नौका मारणार, हेही त्याला तितकेच पक्के ठाऊक होते.

अमेरिकेने १८८६ पासून ब्रिटिश ध्वजाच्या नौका पकडण्यास आरंभ केला. वाद लवादाकडे गेला. १८९३ मध्ये पॅरिस येथील लवादाने खुल्या समुद्रावर अमेरिकेचा अधिकार नाकारला आणि बेटांभोवती ६० मैलांचे क्षेत्र व १ मे ते ३१ जुलै असा बंदीकाळ ठरवून दिला. कागदावर हंगाम ठरला. परंतु मादी ६० मैलांच्या फार पलीकडे भक्ष्य शोधीत असे आणि जपान या निर्णयाने बांधलेला नव्हता. कळप घटतच गेला. हेन्री वुड एलियट याने १८७० च्या दशकात केलेले लक्षावधींचे अंदाज आज फुगीर मानले जातात, तरी घसरण निर्विवाद होती. १९१२ च्या सुमारास प्रिबिलॉफच्या कळपात जेमतेम दोन लाख सील उरले होते.

तोडगा निघाला तो ७ जुलै १९११ च्या करारात. अमेरिका, कॅनडाच्या वतीने ब्रिटन, जपान आणि रशिया यांनी खुल्या समुद्रातील शिकार बंद केली. त्या बदल्यात प्रिबिलॉफवर मिळणाऱ्या कातड्यांपैकी प्रत्येकी १५ टक्के हिस्सा कॅनडा आणि जपान यांना मिळू लागला. लहान होड्यांतून पारंपरिक रीतीने शिकार करणाऱ्या किनाऱ्यावरील आदिम समाजांना सवलत ठेवली गेली. या कराराचे मर्म हिश्श्यात आहे. ज्यांना थांबावयास सांगितले त्यांना थांबण्याचा मोबदला मिळाला. बंदी जी गोष्ट अठरा वर्षांत साधू शकली नाही ती वाटणीने साधली. अमेरिकेने बेटांवरील व्यापारी शिकारही पाच वर्षे थांबविली. १९४० च्या दशकापर्यंत कळप पंधरा लाखांच्या घरात पोहोचला.

हमी होती, पण हिशेब चुकला

कथा येथे संपली असती तर ती फारच सोपी झाली असती. १९५० च्या दशकात तज्ज्ञांनी असे मांडले की कळप गरजेपेक्षा मोठा झाला आहे. माद्यांची संख्या कमी केली तर उरलेल्यांना अधिक भक्ष्य मिळेल, पिले अधिक जगतील आणि दरवर्षी अधिक कातडी मिळतील. त्यानुसार १९५६ ते १९६८ या काळात सुमारे तीन लाख माद्या मारण्यात आल्या. अपेक्षित वाढ झाली नाही. कळप घसरला. १९८४ मध्ये कराराची मुदत वाढविण्यास अमेरिकी सेनेटने मंजुरी दिली नाही आणि व्यापारी शिकार संपुष्टात आली. १९८८ मध्ये हा कळप अमेरिकेच्या सागरी सस्तन प्राणी कायद्याखाली ‘घटलेला’ म्हणून घोषित झाला. शिकार थांबल्यावरही तो पूर्वपदास आलेला नाही.

येथे हक्क सुरक्षित होता, स्पर्धक नव्हता, हंगाम पाळला जात होता. चुकले ते गृहीतक. आणि ते तपासून पाहण्यास एक तप लागले. ज्या कार्यालयाने उद्दिष्ट ठरविले त्याच कार्यालयाने यशाचे मापनही केले की असे घडते.

आणखी एका गोष्टीची नोंद न घेणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. या बेटांवर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केले त्या अल्यूट लोकांना सरकारने दीर्घकाळ पाल्यांसारखे वागविले. त्यांची मजुरी, घरे, प्रवास, सारे अधिकाऱ्यांच्या हाती होते. १९४२ मध्ये युद्धामुळे त्यांना हलवून अलास्कातील फंटर बे येथील पडक्या इमारतींत ठेवण्यात आले आणि तेथे अनेक जण आजाराने मृत्यू पावले. १८७० ते १९४६ या काळातील अन्यायाबद्दल त्यांना भरपाई मिळाली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस. सीलची गणना काटेकोर होत होती. माणसांचा हिशेब मात्र राहून गेला होता.

आपल्यासाठी बोध

भारताने वन्यप्राण्यांच्या कातड्यांबाबत वेगळी वाट धरली. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा, अनुसूचीतील प्राण्यांच्या अवयवांच्या व्यापारावर बंदी घालणारी १९८६ ची सुधारणा आणि शिकारीचे परवाने जवळजवळ संपविणारी १९९१ ची सुधारणा, यांमुळे ‘कातडे केव्हा काढावे’ हा प्रश्नच आपल्याकडे उरला नाही. आपली लोकसंख्या, वनांवरील ताण आणि अंमलबजावणीची क्षमता पाहता ही भूमिका योग्यच आहे. परंतु बंदीने ज्यांचा रोजगार गेला त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. तमिळनाडूतील इरुळा समाज सापांची कातडी विकून जगत असे. बंदीनंतर १९७८ मध्ये त्यांची सर्पमित्रांच्या साहाय्याने सहकारी संस्था उभी राहिली. परवान्याने ठरलेल्या संख्येइतके साप पकडावयाचे, काही आठवडे ठेवून विष काढावयाचे आणि पुन्हा रानात सोडावयाचे, अशी ती पद्धत. कातड्यासाठी साप मरत असे. विषासाठी तो जगणे आवश्यक झाले. कौशल्य तेच राहिले, हितसंबंध मात्र बदलला.

कातड्यांचा प्रश्न आपल्यापुरता मिटला असला तरी त्यामागचे तत्त्व आपल्या वनविभागांत रोज भेटते. मध्य भारतातील चारोळीचे उदाहरण घ्यावे. फळ पिकल्यावर तोडले तर बी भरलेले मिळते आणि भावही चांगला येतो, हे गोळा करणाऱ्या प्रत्येक आदिवासी स्त्रीला ठाऊक असते. तरीही अनेक ठिकाणी कच्ची फळे ओरबाडली जातात, प्रसंगी फांद्याही तोडल्या जातात. अशा वेळी ‘जनजागृती’ची शिबिरे घेतली जातात. वस्तुतः जाणीव तेथे पुरेशी असते. उणीव असते ती हमीची. आज सोडलेले फळ उद्या आपल्यालाच मिळेल, असे सांगणारा कुणी नसतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ही हमी देण्याचा मार्ग खुला केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू केव्हा आणि किती तोडावयाचा हे ठरविण्याची जबाबदारी ग्रामसभेकडे आली, आणि २०११ मध्ये वाहतूक परवाने देण्याचा अधिकारही तिला मिळाला. हक्क कागदावर मिळून वाहतुकीचा परवाना मात्र दुसऱ्याच्या हाती असता, तर त्या हमीला फारसा अर्थ उरला नसता.

रानातून मिळणाऱ्या कोणत्याही वस्तूबाबत नियम करताना म्हणून तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. थांबणाऱ्यास थांबण्याचे फळ मिळेल याची खात्री आहे काय? ज्याला थांबविले त्याचा वाटा ठरला आहे काय? आणि आपले गणित चुकत असेल तर ते आपल्याला वेळेत सांगणारा कुणी, आपल्या कार्यालयाबाहेरचा, आहे काय? पहिल्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले तेव्हा स्नेक नदीचे खोरे ओस पडले. दुसऱ्याचे उत्तर मिळाले तेव्हा प्रिबिलॉफचा कळप सावरला. तिसरा प्रश्न विचारला गेला नाही, आणि सावरलेला कळप पुन्हा घसरला.

कातडे आतून पांढरे झाले की नाही हे शिकारी बोटाने चाचपून सांगू शकतो. त्याला तोवर थांबता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे, हे प्रशासनाचे काम आहे.